तू कालवा पोहलीच नाहीस

मंगे, तुझ्या गुरुजींना शाळेच्या अंकात तुझ्यावर चार शब्द हवे आहेत. परवा देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो तेव्हा भेटले आणि म्हणाले, "तुम्ही मामा, तुमचं अक्षरही चांगलं, तुम्हीच लिहा. मुलगी गुणी होती, आज्ञाधारक होती, असं थोडक्यात." मी मान हलवली, चौकीवर येऊन कागद पुढे ओढला आणि 'आज्ञाधारक' या शब्दापाशीच अडलो. अकरा वर्षांत तू कुणाचं एक तरी ऐकलंस का गं? तेव्हा गुरुजींना त्यांचे चार शब्द दुसरा कुणी देईल. मी तुला लिहितोय, आणि आपलं भांडण अर्धं राहिलंय म्हणून लिहितोय.

गेलेल्याशी भांडू नये, असं घरात सगळे सांगतात. तुझी माती करून आल्यापासून सगळ्यांच्या जिभेवर साखर आली आहे. तुझी चुलती, जी तुला उभ्या गावात 'तोंडाळ' म्हणायची, ती आता डोळ्याला पदर लावून "लय गोड पोर होती" म्हणते. तू गोड नव्हतीस. तू चिडकी होतीस, हट्टी होतीस, आणि दिलेला शब्द कुणी मोडला तर वर्षभर तो त्याच्या तोंडावर फेकून मारायचीस. मला तशीच आठवतेस आणि तशीच आठवू दे.

कालव्यापासून सुरुवात करतो, कारण भांडण तिथलंच आहे.

मी पाटबंधारे खात्यात. मानवतच्या पुढं डाव्या कालव्याच्या काठी खात्याची दोन खोल्यांची चौकी, तिथं माझा मुक्काम. कालव्यातून शेतांकडं फुटणारी कोणती चारी कधी उघडायची, कोणती बंद करायची, आणि अगदी शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं की नाही हे बघायचं, एवढंच माझं काम. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू माझ्याकडं राहायला यायचीस. दोन वर्षांपूर्वी अशीच आली होतीस. पाणीपाळी चालू होती. मी चारीचं लोखंडी दार फिरवत होतो आणि मागं धप्पकन आवाज झाला. वळून बघतो तर तू पाण्यात. तिथं कालवा रुंद, काठांना सिमेंटचं गुळगुळीत अस्तर, आणि पाण्याला ओढ अशी की रेडा वाहून जाईल. मी ओरडलो. तू ऐकलं नाहीस. तिरके तिरके हात मारत, धारेबरोबर खाली सरकत तू पलीकडच्या पायऱ्यांना लागलीस, वर चढलीस, आणि परकर पिळत ओरडलीस, "बघितलं का मामा?"

बघितलं. माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. पुलावरून पळत येऊन मी तुझा दंड धरला, पण मारलं नाही. भाचीवर हात उगारला तर म्हातारपणी मामाचे हात थरथरतात असं आपल्याकडं मानतात, आणि मला तर याच हातांनी लोखंडी दारं फिरवून पोट भरायचंय. मी फक्त दम दिला. "तुझ्या माईला सांगशील तर बघ. ती मला जित्ता ठेवायची न्हाई." तू शपथ घेतलीस, तीही देवाची नाही, माझी. आणि मग चौकीवर जाईपर्यंत एकच चालवलंस, "पण तू तर बघितलंस ना? तू तर बघितलंस ना?" हो बाई, बघितलं, मी म्हणालो.

पुढच्या वर्षी तुझ्या परकराची नाडी एका बाजूनं वर चढायला लागली. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तुझी माय, रोज सकाळी ती ओढून सरळ करायची आणि तू रोज "आवळू नको ना" म्हणून तिच्या अंगावर खेकसायचीस. मग एका सकाळी तिचा हात तुझ्या पोटावर तसाच थांबला. डाव्या कुशीत गाठ होती, कच्च्या कवठाएवढी. परभणीच्या डॉक्टरांनी दाबून बघितली, तुला बाहेर बसवलं आणि आम्हाला कॅन्सर म्हणून सांगितलं. दाजींनी, तुझ्या बापानं, "एवढ्याशा लेकराला?" एवढंच विचारलं. त्यानंतर ते या विषयावर फारसे बोलले नाहीत. बैलं आणि रान सोडून मुंबईला येणं त्यांना जमेना, की त्यांना बघवेना, ते मी कधी विचारलं नाही. तू, अक्का आणि मी मानवत रोडला गाडीत बसलो आणि मनमाडला गाडी बदलून मुंबईला गेलो.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात तुला लाल रंगाचं औषध सुरू झालं. शिरेतून द्यायचे. तू ओकलीस, तुझं तोंड आतून सोललं, केस उशीवर राहू लागले, आणि गाठ होती तिथंच होती. मग ते पिकल्या केसांचे डॉक्टर आले. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि रेघा काढून समजावून दिलं. औषध रक्तातून जातं. पण गाठीच्या पोटात रक्तच नीट पोचत नाही, मग औषध तरी कसं पोचणार? मात्र गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात. त्यांना आवळून घेता येत नाही, बाकीच्या शरीरातल्या धडधाकट वाहिन्यांना येतं. तेव्हा एका औषधानं थोडा वेळ मुद्दाम ब्लडप्रेशर चढवायचं. बाकीच्या वाहिन्या आवळल्या जातात, गाठीतल्या उघड्याच राहतात, आणि रक्ताचा लोंढा तिकडं वळतो. नेमकं तेव्हा लाल औषध सोडायचं. मग प्रेशरचं औषध थांबवायचं, की सगळं पूर्ववत.

अक्काला त्यातलं काही कळलं नाही. मला सगळं कळलं, आणि तिथंच आपला घात झाला. मी म्हणालो, "सायेब, म्हंजे गाठ टेलला हाय. वरच्या चाऱ्यांची सगळी दारं पाडून बंद करायची, आन् गाठीच्या चारीला तर दारच न्हाई." डॉक्टर हसले, म्हणाले, तसं समजा. ते पुढंही बरंच बोलले. हा प्रयत्न नवा आहे, लहान मुलांवर तर फारच थोड्या ठिकाणी झालाय, डोकं भयंकर दुखेल, धोका आहे, आम्ही सारखे शेजारी उभे राहू. आणि गाठ आटलीच, तर ती प्रेशर चढवल्यामुळं आटली की नुसत्या लाल औषधामुळं, हे मलाही छातीठोक सांगता येणार नाही. हे शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं होतं. मी ते धरून ठेवलं नाही.

पहिल्या वेळी मी दाराच्या काचेतून बघत होतो. तुझ्या एका हाताला सलाइन, दुसऱ्या हाताला प्रेशरचा पट्टा. पट्टा फुगवायचे, आकडा सांगायचे, थेंब थोडे वाढवायचे, पुन्हा पट्टा फुगवायचे. तुझा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. तू डोकं उशीवर इकडून तिकडं घासायला लागलीस. "डोस्कं फुटायलंय मामा, डोस्कं फुटायलंय," काचेबाहेर ऐकू येत होतं. "थोडंच बाळ, थोडंच राहिलं," असं म्हणत डॉक्टरांनी लाल औषध सोडलं. मग थेंब थांबवले. बऱ्याच वेळानं तू उठून बसलीस आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाला म्हणालीस, "दुसऱ्याचं डोस्कं असलं की थोडंच असतंय." अक्कानं तुला चिमटा काढला. डॉक्टर खाली बघून निघून गेले.

पण गाठ आटली, मंगे. अशा थोड्या खेपा झाल्या आणि कवठाचं लिंबू झालं. अक्का दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली आणि तू तिला म्हणालीस, "आता कामून रडायलीस, आता तर बरं व्हायलंय." त्या दिवशी मी तुला बर्फाचा गोळा घेऊन दिला. तोंड सोललेलं असूनही तू तो सगळा खाल्लास.

ते प्रेशरचं औषध परदेशातून यायचं, डॉक्टरांच्या कुठल्याशा ओळखीनं. आलेलं संपलं. पुढचं आलं की बोलावू, तोवर नुसतं लाल औषध परभणीतच घ्या, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. पुढचं आलं नाही. कुणी अडवलं नसेल, पण आलं नाही. टेलचे शेतकरी चौकीवर येऊन मला शिव्या घालतात तेव्हा मी त्यांना सांगतो, बाबांनो, वरूनच पाणी आलं नाही तर मी काय करू? आता शिव्या घालायची पाळी माझी होती आणि घालायला समोर कुणी नव्हतं.

मग तो बंदचा दिवस आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवसांत कधी काय पेटेल आणि कुठला रस्ता अडेल याचा भरवसा नव्हता. आपली एसटी फाट्यावरच उभी राहिली, पुढं रस्त्यात टायर जळत होते. गाडीतली माणसं कोण कुठल्या बाजूचं याचा अंदाज घेत गप्प बसलेली. तुला डोस त्याच दिवशी घ्यायचा होता, अक्काचा जीव टांगणीला लागलेला. तू मात्र कंटाळलीस आणि शेजारच्या म्हातारीला सांगायला लागलीस, "मी कालवा पोहून गेले. डावा कालवा, भरलेला. खोटं वाटत असंल तर मामाला इचारा."

शपथ मोडलीस. सगळी गाडी माझ्याकडं वळली, आणि त्यात अक्काही. तिचे डोळे बघितले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाचं काय! काठावर बसून पाय हालवले तिनं."

तू ताडकन उभी राहिलीस. टकलावर बांधलेला रुमाल सुटून खांद्यावर आला तरी तुला भान नव्हतं. "खोटारडा! तू बघितलंस! तू बघितलंस!" म्हातारी हसली, मग आणखी दोघं हसले. रस्ता दुपारनंतर सुटला, आणि परभणी येईपर्यंत तू मला खोटारडा म्हणत होतीस. दवाखान्यात सिस्टरनं पट्टा फुगवून तुझं प्रेशर बघितलं, पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाली, "एवढं कशानं वाढलंय हो हिचं?"

"रागात हाय ती," अक्का म्हणाली.

बस्स. तिथं माझ्या डोक्यात अवदसा शिरली.

बाहेर बाकावर मी अक्काला समजावलं. जे औषधानं चढतंय तेच रागानंही चढतंय. मग लाल औषध चालू आहे तेवढा वेळ पोरीला संताप आणायचा. अक्कानं मला मधेच थांबवलं.

"आजारी लेकराला छळायचं?"

"मुंबईला गाठ आटली का न्हाई?"

"आटली."

"मग?"

ती पदराचं टोक चावत बसली. "मला जमायचं न्हाई," शेवटी म्हणाली. "तूच कर. तुला लय चांगलं जमतंय." पोरीला आधी सांगून ठेवू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हणालो. लटक्या रागानं काय चढणार, राग खरा पाहिजे. आपल्याकडं आजारी माणसाच्या उशाशी कुणी मोठ्यानं बोलत नाही, वैरीसुद्धा संत्री घेऊन भेटायला येतो. आणि मी सख्खा मामा, तुझ्या उशाशी भांडण घेऊन बसायला लागलो.

म्हैस त्यानंतर आली. नुसतं 'पोहली नाहीस' पुरेना, कारण तू उत्तरं तयार करून यायचीस. मग मी सांगितलं, ही पोरगी पाण्यात पडली, गटांगळ्या खाल्ल्या, माय माय करून रडली, आणि कुणाची तरी म्हैस कालव्यात डुंबत होती तिच्या शेपटीला लटकून काठाला लागली. सिस्टरला सांगितलं, कंपाउंडरला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला आणि त्याला भेटायला आलेल्यांना सांगितलं. म्हशीच्या शिंगांचं वर्णन केलं. ही रडायला लागली तेव्हा म्हशीनं मागं वळून बघितलं, असंही सांगितलं. खोली हसायची आणि तू किंचाळायचीस. सिस्टर म्हणायची, "मामा, आता पुरे करा की." मी तिच्या पुढ्यातल्या यंत्राकडं बघायचो. चढलेलं दिसलं की मला हायसं वाटायचं, आणि मी म्हशीला गळ्यात घंटा बांधायचो.

केसांवरूनही बोललो. तुझं जावळ माझ्या मांडीवर बसवून काढलं होतं, रीतच आहे ती. तुझ्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवून मी सगळ्यांदेखत म्हणालो, "चला, बस पुन्हा मामाच्या मांडीवर. एवढी घोडी झाली आन् परत जावळ!" त्या दिवशी तू मोकळ्या हातानं माझं मनगट ओढलंस आणि चावलीस. सुई निसटेल म्हणून मी हात सोडवला नाही, तूही दात सैल केले नाहीस. त्याची खूण अजून आहे. आज सकाळी आंघोळीला बसलो तेव्हा तीच बघत होतो.

दाजी एकदाच आले होते. दारात उभं राहून त्यांनी म्हशीची गोष्ट ऐकली, तुझा आरडाओरडा ऐकला, आणि मला म्हणाले, "कसाई हायस तू." अक्का त्यांच्या मागं पळत गेली, काय बोलली माहीत नाही. ते पुन्हा आले नाहीत आणि अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. तुझ्या मातीलाही माझ्या शेजारी उभे राहिले नाहीत.

परतीच्या एसटीत तू अक्काच्या मांडीवर डोकं आणि माझ्या मांडीवर पाय टाकून झोपायचीस. पाय गार पडलेले असायचे. भाचीच्या पाया मामानं पडायचं असतं, सणावाराला पडतोच. मी एसटीत पडायचो. कुणी बघत नाही असं बघून तुझ्या पावलांना हात लावायचो आणि तो कपाळाला न्यायचो. मग खिडकीबाहेर कापसाची रानं बघत बसायचो. तू जागी झालीस की आधी मला एक शिवी द्यायचीस आणि मग पाणी मागायचीस.

एक कबूल करतो. त्या दिवसांत तू जेवढी जिवंत दिसायचीस तेवढी त्याआधी कधीच दिसली नव्हतीस. शेजारच्या खाटांवरची माणसं भिंतीकडं तोंड करून पडायची. तू पुढच्या डोसला मला काय म्हणायचं ते आठवडाभर जुळवत असायचीस, अक्कानंच सांगितलं. "मामानं बघितलंय, आन् मामा खोटा हाय," असं तू अंगणात येईल त्याला सांगायचीस. माझ्यावर चिडायला का होईना, तू तयार होऊन एसटीत चढायचीस. त्याबद्दल मी तुझे पाय धरतो, आणि आता तू झोपलेली नाहीस असं समजून धरतो.

गाठ परत आली. लिंबाचं पुन्हा कवठ झालं, मग पोटच दिसायचं आणि तू त्याच्यामागं कुठंतरी. परभणीच्या डॉक्टरांनी तुला तपासलं आणि आम्हाला आत बोलावलं. औषध लागू पडत नाही, म्हणाले, आता आणखी देऊन त्रासच होईल. मी वाद घालायला लागलो. "आसं कसं? प्रेशर तर दर टायमाला चढवलं होतं आमी."

"चढवलं? कशानं?"

मी सांगितलं. सगळं, म्हशीसकट. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रागानं चढतं ते निराळं, त्यांनी सांगितलं. राग आला की हृदय जोरानं धडधडतं, थोडं चढतं, उतरतं. मुंबईचं ते औषध वाहिन्याच आवळत होतं, आणि कितीतरी जास्त चढवत होतं, तेही मोजूनमापून. दोन्ही एक नव्हे.

"म्हंजे काहीच फायदा झाला न्हाई?"

"मामा, तुम्ही लेकराला नुसतं छळलंत," ते म्हणाले. मग थोडे मऊ झाले. "मला एका शब्दानं विचारायचं होतंत."

विचारलं नाही. आपल्याला कळलंय असं ज्याला वाटतं तो कशाला कुणाला विचारतो? मी वरचं एकही दार पाडलं नव्हतं. कालव्याच्या काठावर बसून पाण्याला शिव्या देत होतो आणि टेलला पाणी जातंय असं समजत होतो. मुंबईचं औषध मिळत राहिलं असतं तर तू जगली असतीस का, हेही मी त्यांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. त्यावर चिडावं तर त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. परतीच्या एसटीत मी तुझ्या पाया पडलो नाही. तोंड नव्हतं.

तुला काही सांगायचं नाही, असं अक्कानं बजावलं. पोरीला आता आवडेल ते खाऊ घाला, हसतं ठेवा. मी मानवतच्या बाजारातून तुझ्यासाठी श्रीखंडाच्या वड्या घेतल्या आणि गावी आलो. वाटेत ठरवून टाकलं. जी एक गोष्ट तू माझ्याकडून मागत होतीस, जी माझ्याशिवाय जगात कुणीच देऊ शकत नव्हतं, ती देऊन टाकायची. अक्काला काय वाटेल ते वाटो.

तुझी खाट पडवीत होती. मी पुडा सोडून तुझ्या पुढं धरला. तू एक वडी उचललीस, हुंगलीस आणि परत ठेवलीस. अक्का आत चुलीपुढं बसलेली. तिला ऐकू जाईल असं मी म्हणालो, "मंगल, तू कालवा पोहून गेलीस. भरलेला. मी काठावर हुतो. समदं बघितलं मी."

आत फुंकणीचा आवाज थांबला.

मला वाटलं तू उड्या मारशील. निदान हसशील, "माय, ऐकलं का" म्हणून ओरडशील. तू पुडा बाजूला सारलास. मग अगदी हळू म्हणालीस, "म्हंजे औषध संपलं."

"कोण म्हणतंय?"

"तूच म्हणायलास की. सुई असली की म्हैस असती. सुई काढली की तू गप. आता म्हैस कुठं गेली?"

मी पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळायला लागलो.

"मला काय कळत न्हाई का मामा? डोळे मिटले की पाया पडतोस, आन् उघडले की शिव्या देतोस." तू कुशीवर वळायचा प्रयत्न केलास, जमलं नाही. "त्या मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं हुतं ना, वर चढलं की आत जातंय. मला बी सांगितलं हुतं त्यानं. म्हणून तर चिडत हुते मी, मरणाची चिडत हुते. कमी पडलं का रे?"

मंगे, हे एक वाक्य तू बोलली नसतीस तर चाललं असतं. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं, आणि आठवडाभर तू जुळवायचीस ती उत्तरं नव्हती, तू राग जुळवत होतीस. माझ्यासारखीच, माझ्याइतकीच खुळी. आणि आता तुला वाटत होतं की तुझाच राग कमी पडला. नाही गं, कमी पडला नाही, रागाचा तिथं संबंधच नव्हता, मामाच गाढव होता, हे मला तेव्हाच सांगायचं होतं. ते सांगायला तोंड उघडलं आणि मी तिथंच, तुझ्या वड्यांच्या पुड्यावर, लहान पोरासारखा रडलो.

आणि तू चिडलीस. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खरी, पट्टा नाही, यंत्र नाही. "रडू नको," तू म्हणालीस. "भांड. म्हैस हुती म्हण."

मी मानेनंच नाही म्हणालो.

"म्हण ना मामा. एकदा म्हण. म्हैस आण."

मला म्हणता आलं नाही. अख्ख्या दवाखान्यात ज्याची जीभ कधी अडली नाही, त्याला एक म्हैस आणता आली नाही. अक्का बाहेर आली, तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि पुन्हा आत गेली. तो कशासाठी होता, कालव्यासाठी की रडण्यासाठी, ते तिला अजून विचारलेलं नाही. तू भिंतीकडं तोंड केलंस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. मी रोज येऊन बसायचो, तू रोज भिंत बघायचीस, आणि एका सकाळी तशीच गेलीस. जाताना तरी एक शिवी द्यायची होतीस, एवढा हक्क होता माझा.

मी खरं बोललो आणि त्यानंच तुला कळलं की आता काही उरलं नाही. खोटं बोलत होतो तोवर तू रोज उठत होतीस. तेव्हा गुरुजींना काय लिहायचं ते लिहू देत, तुझ्या चुलतीला काय म्हणायचं ते म्हणू दे. काल संध्याकाळी मी त्या पायऱ्यांपाशी जाऊन बसलो होतो. पाणीपाळी चालू आहे, कालवा काठोकाठ आहे. तिथं बसून, तेव्हा जे जमलं नाही ते मोठ्यानं म्हणून बघितलं. जमलं.

म्हैस होती, मंगे. काळीभोर, मागं वळलेल्या शिंगांची, गळ्यात घंटा असलेली. तू रडत होतीस आणि तिच्या शेपटीला लटकून आलीस. तू कालवा पोहलीच नाहीस. मी काठावर उभा होतो, मी बघितलंय. ऊठ, आणि मला खोटं पाड.